टिपकीची तब्येत

घरून, १२ नोव्हेंबर २०१३

भूमाबाईले टिकेशचा रामराम.

तू नवीन फोन नंबर कोणालेच दिला नाहीस म्हणून पत्र लिहून राहिलो. होस्टेलचा पत्ता मायनं तुझ्या मैत्रिणीकडून काढला. माझं अक्षर पाहून हसू नोको. दहावीत दोनदा बसलो, तवापासून पेनाची अन माझी सोयरीक तुटली.

घरी सगळं ठीक. धान घरी आलं. माय ठीक, कंबर दुखते. बाबूजी ठीक, कंबर सोडून बाकी सगळं दुखते. तुझं नाव बाबूजी घरात अजून घेत नाहीत. तू तिरोड्याच्या मास्तरले नाही म्हणलीस अन साखरपुड्याच्या आधीच बॅग घेऊन पुण्याले नर्सच्या नोकरीवर गेलीस, तवापासून तोंड बंद. लागलंच तं 'पुणे' म्हणते. परवा टीव्हीवर बातम्या चालू होत्या, तं मायले विचारे, "पुण्यात थंडी पडली का?" माय म्हणे, "मले काय माहीत? पुण्याले विचारा." झालं, टीव्ही बंद.

आता मुद्द्याचं. टिपकी मजेत आहे. थोडी आखूड झाली असं वाटते, पण ते थंडीनं असन.

तू म्हणली होतीस का ही पाल आहे, परदेशी, लेपर्ड गेको, नागपूरच्या मैत्रिणीच्या घरी जन्मली, काही करत नाही. मी गावात सगळ्यायले सांगतलं. कोणी ऐकत नाही. अंगावर ठिपके पाहून म्हणते बिसखोपडा आहे, चावला तं माणूस पाणी मागत नाही. मी भी आता ऐकवणं सोडलं. उलट फायदा आहे. बिजलीवाला मीटर पाहाले आला, मी म्हणलं, पाहा भाऊ, फक्त मीटरमागं बिसखोपडा बसते. तो रस्त्यावरूनच मीटर पाहून गेला.

टिपकीच्या डब्यात खाली नुसतं प्लास्टिक होतं, ते थंड लागे. म्हणून राइस मिलमधून धानाचा भुसा आणून टाकला, चांगला बोटभर. कोंबड्यायले टाकते तसा. गादीवर झोपल्यासारखी झोपते. रातकिडे अन नाकतोडे मीच पकडून देतो.

चैतरामकाका आपल्या घरी आता येत नाही. कारण मंग सांगन.

तुझा भाऊ,
टिकेश


घरून, १ डिसेंबर २०१३

भूमाबाई,

उत्तर नाही आलं. म्हणजे तुले आखूडवाली गोष्ट खटकली. सांगतो.

चैतरामकाका दिवाळीनंतर आला होता. खाटेवर टोपी काढून ठेवली अन बाबूजीले म्हणे, "हुकुमचंद, मास्तरचं लग्न ठरलं बरं दुसरीकडे. तुझी पोरगी गेली तं गेली, सोयरीक आणणाऱ्याचं नाक भी घेऊन गेली." बाबूजी खाली पाहून तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा घोटत होते. मले राग आला. मी टिपकीले टोपीत ठेवलं.

जाताना काकानं टोपी डोक्यावर ठेवली. मंग जे नाचला, बाई, मंडईच्या जत्रेतला नाच्या फिका. टोपी एकीकडे, काका एकीकडे, धोतर तिसरीकडे. माय पदर तोंडात घालून आत पळाली. फक्त टिपकीची शेपूट तुटली. ते अंगणात वेगळी वळवळे अन काका ओरडे, "दोन आहेत! दोन आहेत!"

मले मालूम आहे शेपूट पुन्हा येते, घरातल्या पालीची येतेच. पण बाबूजी तवा पहिल्यांदा तिच्यापाशी आले. शेपूट उचलून तळहातावर घेतली. चांगली जाड होती, आतून चरबी. म्हणे, "हे तिचं कोठार होतं रे भोंग्या. हिवाळा कशावर काढन?" अन मंग काकाले म्हणे, "मारायचं नाव काढू नोको. माझ्या घरातलं जनावर आहे." काका तेव्हाचा गेलेला.

आता खरी गोष्ट. टिपकी खात नाही. समोर रातकिडा सोडला तं पाहते, डोळा मारते, मान फिरवते. पोट फुगलं आहे, एका बाजूले निळं दिसते. कोपऱ्यात शी करायची तिची जागा आहे ना, ते जागा बऱ्याच दिवसाची कोरडी. दोन बोटाले जुनी कातडी अंगठीसारखी अडकली आहे, ते बोटं सुजली.

हे थाप नाही. तू म्हणशीन टिकेश आहे, घरी बोलवायची युक्ती असन. युक्ती करायची असती तं मी मायले आजारी पाडलं असतं, पालीले नाही. तू नर्स आहेस, काहीतरी सांग. माझ्यासोबत बोलू नोको पाहिजे तं, फक्त सांग.

टिकेश


घरून, १५ डिसेंबर २०१३

भूमाबाई,

कार्ड भेटलं. माझं नाव नाही, मायचं नाही, बाबूजीचं नाही, नुसतं 'टिपकी' अन खाली काय काय करायचं ते. डॉक्टरची चिठ्ठी भी याच्यापेक्षा गोड राहते. पण अक्षर तुझं पाहून माय रडली, तं ठीक आहे.

तू लिहिलंस ते सगळं केलं. भुसा फेकला, पेपर टाकला. तू लिहिलंस का रातकिड्यावर झडप घालताना तोंडात भुसा जाते अन आतड्यात गोळा होते. बरोबर होतं. परातीत कोमट पाणी घेतलं, हनुवटी वर राहीन इतकंच. पाणी कोमट आहे का नाही ते मनगटावर टाकून पाहिलं, तू लहान होतीस तवा तुझं पाणी पाहत तसं. पोटावर एका बोटानं खालच्या बाजूले हळूहळू चोळलं. असं रोज सकाळ संध्याकाळ. मंग एका सकाळी झालं! भुश्याचा गोळा निघाला, चिकूच्या बीएवढा. सगळे पाहाले आले. तुमच्या दवाखान्यात पोरगा झाला तरी इतकी गर्दी नसन होत.

बोटाची कातडी ओल्या कापसानं भिजवून काढली. एक बोट वाचलं, एकाचं टोक गळालं. दुखलं असं वाटलं नाही.

गर्मीचं म्हणशीन तं बल्ब लावतो, पण लोडशेडिंग तुले माहीतच आहे. लाइट गेली का मायची कंबर शेकायची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरून, टॉवेलात गुंडाळून डब्याखाली ठेवते. माय कंबर धरून फिरते पण पिशवी मागत नाही.

एकच राहिलं, कॅल्शियमचं. तू लिहिलंस रातकिड्याले पावडर लावून दे. आपल्या तालुक्याच्या गोरेगावात मेडिकलवाल्याले विचारलं. तो म्हणे, "कोणासाठी?" म्हणलं, "पालीसाठी." त्यानं मागच्या खोलीतून म्हशीचं कॅल्शियम आणलं, पाच लिटरचा कॅन. म्हणे, "हे घेऊन जा, मगर होऊन जाईन." सगळे दुकानवाले हसले. मी भी हसलो, पण हातात काही आलं नाही.

एवढ्यात बाबूजीनं मले विचारलं, "काय म्हणते पुणे?" मी कार्ड वाचून दाखवलं. त्यायनं पुन्हा वाचाले लावलं. मंग कार्ड घेतलं अन बनियनच्या खिशात ठेवलं.

टिकेश


घरून, ५ जानेवारी २०१४

भूमाबाई,

बातमी चांगली नाही. सरळ लिहितो.

टिपकी उभी नाही राहत. पोट घासत चालते. पुढचे पाय थरथरते, डावा कोपरातून बाहेर वळला. तोंडाचा खालचा जबडा मऊ पडला, बोटानं दाबला तं रबरासारखा वाकते. रातकिडा पकडते अन सोडून देते. चावताच येत नाही.

आणखी एक. तिच्या तोंडात जखम आहे. ओठाच्या आतून पांढरं पडलं, वरून साल निघून राहिली. ते मी केलं. कॅल्शियम भेटलं नाही म्हणून मी चुना लावला, काडीच्या टोकानं, थोडासाच. चुन्यात कॅल्शियमच राहते. गावात पोटुशी बायायले देत नाही का? तिनं डोकं असं झटकलं, बाई, का डब्यावर आपटलं. मंग तोंड उघडं ठेवून बसली.

इथपर्यंत लिहून पेन ठेवला होता. जेवण करून आलो. आता पुढचं लिहितो.

मी नाही लावला. माझ्या जवळ चुना कुठी राहते? मी गुटखावाला. बाबूजीनं लावला. त्यायनं सांगतलं होतं का माझं नाव कशातच लिहायचं नाही. म्हणून मागच्या पत्रात सगळं मी केलं असं लिहिलं. पाणी मनगटावर त्यायनंच पाहिलं. तू लहान होतीस तवा मी जन्मलो भी नव्हतो, तुले तिथंच समजलं असन, तू काही मूर्ख नाहीस. परातीत हात घालून तेच बसत, बोटानं पोट तेच चोळत, मी फक्त रातकिडे पकडे अन गमती सांगे. गोळा निघाला तवा मले नाही, त्यायलेच पहिले दिसला. आवाज दिला मले, पण डोळे दुसरीकडे करून.

चुना लावला तवा मी घरी नव्हतो. आलो तं डबा मांडीवर घेऊन बसले होते. म्हणे, "तिनं लिहिलं होतं कॅल्शियम. मी कॅल्शियमच देल्लं." दोनदा म्हणले. मंग चुन्याची डबी उचलली अन उकिरड्यात फेकली. खर्रा बंद आहे तेव्हापासून. चिडचिड बम वाढली. घरात एक पाल आजारी अन एक वाघ.

काय करू ते तारेनं सांग म्हणणार होतो, पण तार बंद झाली म्हणते. आम्ही उद्या गोंदियाले नेऊन राहिलो.

टिकेश


घरून, ९ जानेवारी २०१४

भूमाबाई,

जिवंत आहे. पहिले हे लिहितो मंग बाकीचं.

मी म्हणलं होतं, मोटरसायकलवर नेतो. बाबूजी म्हणे, "तुझ्या मोटरसायकलवर म्हैस गाभडन." एसटीनं गेलो. डबा शालीत गुंडाळून मांडीवर, शाल लग्नातली. कंडक्टर म्हणे, "काय आहे काका?" बाबूजी म्हणे, "बिमार आहे." कंडक्टरनं शाल वर करून पाहिली अन मागच्या दरवाजात जाऊन उभा राहिला. गोंदियापर्यंत तिकडंच. आपली पुढची दोन सीट रिकामी, पाय पसरून गेलो.

जनावरायच्या दवाखान्यात रांग होती. बकऱ्या, एक कुत्रा, एक कोंबडा पाय बांधलेला. डॉक्टर पोट्टाच आहे, नागपूरकडचा, हिंदी मराठी दोन्ही बोलते. डबा उघडला तं खुर्ची मागं सरकवली.

"ये क्या ले आए काका?"

"पाल आहे."

"दिख रहा है. कुठून पकडली? जंगलातली असली तं मले फॉरेस्टले सांगावं लागते."

मी बोलाले तोंड उघडलं. बाबूजीनं हात आडवा केला.

"पकडली नाही. घरची आहे."

"घरात कोण पाळते हे? तुम्ही?"

"पोरीची आहे. माझ्या पोरीची."

"पोरगी कुठं आहे?"

"पुण्याले. नर्स आहे भूमेश्वरी." अन मंग न विचारताच, "मोठ्या दवाखान्यात आहे. तिनं सांगतलं होतं काय करायचं ते, बरोबर सांगतलं होतं. चूक माझी झाली."

बाई, मी तिथं भिंतीवरचा कुत्र्याच्या लसीचा फोटो वाचत उभा राहिलो. दुसरीकडे पाहाची सोय नव्हती.

डॉक्टरनं तोंड उघडून पाहिलं. म्हणे, "चूना लगाया?" बाबूजी म्हणे, "हो." डॉक्टर म्हणे, "काका, तुम्ही खर्रा खाता, तुमच्या तोंडाले फोड येते का नाही?" "येते." "तुमचं तोंड केवढं, हिचं केवढं?"

मंग त्यानं नागपूरच्या दोस्ताले फोन लावला, त्याले असे जनावरं माहीत आहेत. फोनवर विचारे अन आपल्याले सांगे. म्हणे का खाण्यातून कॅल्शियम भेटलं नाही तं अंग आपल्याच हाडातलं काढून घेते, म्हणून जबडा रबर झाला अन पाय वाकला. शेपटीतली चरबी असती तं थोडा दम धरला असता. हे ऐकून बाबूजीनं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा कुत्र्याचा फोटो वाचला.

लहान लेकरायचं पातळ कॅल्शियम लिहून देल्लं, ड्रॉपरनं ओठावर एक थेंब ठेवायचा, ते स्वतः चाटते. तोंड सलाईनच्या पाण्यानं धुवायचं. चावता येत नाही तोवर रातकिडे चेचून, पातळ करून, तसंच थेंब थेंब. सकाळचं कोवळं ऊन थोडं थोडं. काचेतून नाही, उघडं. जीव वाचन का म्हणून विचारलं तं म्हणे, "पंधरा दिन निकाल ले तो बचेगी. गॅरंटी नहीं है."

एसटीत परत येताना बाबूजी म्हणे, "तिले कळवू नोको गॅरंटीचं."

मी कळवून राहिलो. तू आपल्या दवाखान्यात लोकायले खरं सांगत असशीन, तं तुले भी खरंच सांगतलं पाहिजे.

टिकेश


घरून, २७ फेब्रुवारी २०१४

भूमाबाई,

वाचली. डॉक्टरनं देल्ला वेळ कवाच उलटला. जबडा टणक झाला, काल नाकतोडा कुरकुर आवाज करत खाल्ला. तोंडाची जखम भरली. नवीन शेपूट आली, पण जुन्यासारखी नाही, मुळ्यासारखी गोल अन ठिपके नसलेली. दुसऱ्याची लावल्यासारखी दिसते. डावा पाय वाकडाच राहीन म्हणते डॉक्टर. चालते मात्र, थोडी आपल्या छोटेलाल किराणावाल्यासारखी.

रोजचं कामकाज असं आहे. सकाळी बाबूजी डबा घेऊन उन्हात बसते. तिले तळहातावर काढते. पहिले कोंबडा हाकलते, मंग मले हाकलते. औषध देताना तोंडानं चुचकारते अन आम्ही पाहिलं का खोकल्यासारखं करते. परवा चैतरामकाका रस्त्यानं जाऊन राहिला, दुरूनच म्हणे, "हुकुमचंद, पालीले दूध पाजून राहिला का?" बाबूजी म्हणे, "ये ना, जवळून पाह्य." काका नाही आला. टोपी मात्र हातानं दाबून धरली.

तुझं दुसरं कार्ड परवा भेटलं. यावेळी वर 'टिकेश' लिहिलंस, मायले साष्टांग लिहिलास, ते बरं केलंस. बाबूजीच्या वाटची एक ओळ कोरी सोडल्यासारखी दिसली, का तशीच जागा राहिली ते तुले माहीत.

खाली तू लिहिलंस का आता खोली घेतली आहे, टिपकीले ठेवता येईन, छोटेलालचा पोरगा होळीनंतर पुण्याले कंपनीत जाऊन राहिला तं त्याच्यासोबत पाठवून दे.

मी हे बाबूजीले वाचून दाखवलं. ते उन्हातच बसले होते. तिले डब्यात ठेवलं, झाकण लावलं, पुन्हा काढलं. मंग म्हणे, "छोटेलालच्या पोराले बकरी सांभाळता येत नाही."

मी म्हणलं, "मी नेऊन देतो."

"तू टोपीत नेशीन."

"मंग तुम्ही जा."

याच्यावर उठून बैलापाशी गेले. मायनं मले डोळ्यानं खुणावलं का गप राह्य.

संध्याकाळी जेवताना एकदम म्हणे, "ज्याचं जनावर त्यानं यावं. औषध कसं द्यायचं ते हातानं दाखवावं लागते, कागदावर समजत नाही. मी कागदावरून केलं तं काय झालं पाहिलं ना." माय म्हणे, "मंग तसं लिहू का?" म्हणे, "मी कायले सांगू लिहा म्हणून? मी जेवून राहिलो."

तं मी लिहून राहिलो.

अन आता नवीन तमाशा पाह्य. बाबूजीनं बकाराम मिस्त्रीले बोलावून टिपकीसाठी पेटी बनवून घेतली. सागाची, समोरून काच, वरून जाळी, ऊन आत यावं म्हणून खिडकी. मोजमाप त्यायनंच देल्लं, कोणालेच विचारलं नाही. पेटी तयार झाली तं दारातून आत जाईना. बकाराम म्हणे, थोडी कापतो. बाबूजी म्हणे, पेटीले हात लावायचा नाही. मंग दाराची चौकट काढली. खरोखर काढली, विटांसकट. पेटी तुझ्या खोलीत ठेवली, तुझ्या खाटेच्या बाजूले, खाट तिथंच आहे. चौकट पुन्हा बसवून आज सिमेंट भी लावलं.

बकाराम जाताना म्हणे, "हे आता बाहेर कसं निघन काका?" बाबूजी हात धुवून राहिले होते. म्हणे, "कोण काढून राहिलं?"

तं टिपकीले न्यायचं असन तं तुले यावं लागन अन त्यायच्यासोबत तोंडानं भांडावं लागन. मी मधात पडत नाही. गाडी कोणती ते लिही. गोंदियाच्या स्टेशनवर मी येणार होतो, पण बाबूजी म्हणे त्या दिवशी त्यायले गोंदियात काम आहे. कोणत्या दिवशी ते तं अजून ठरलंच नाही.

टिकेश